तांब्यानं पाणी घालू नका

आमच्या घरात समुद्र आला, त्या साली गावात प्यायला पाणी नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, बाई वाढवून सांगते. वाढवून सांगायचं खातं आमच्या घरात दुसऱ्या माणसाकडं होतं, त्यामुळं मला ती सवय लागली नाही.

ते दुसरं माणूस म्हणजे आमचे हे. मिरजगावच्या अलीकडं, हायवेच्या कडेला प्लॉट घेऊन आम्ही घर बांधलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. दिवसभर उसाचा रस काचेच्या उंच भांड्यात ओतून त्यात साखर किती ते बघायचं आणि घरी येऊन भाजीत मीठ किती ते सांगायचं, एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. पण हुशार माणसाला बरं चाललेलं सोसत नाही.

घर बांधताना यांनी हॉल मुद्दाम मोठा काढला. माणसं येतील, बसतील, गप्पा होतील. सोफा आणला, टीपॉय आणला, पाहुण्यांसाठी म्हणून स्टीलचा नवाकोरा तांब्या आणि पेला आणला. माणसं यायची पण. कुणाला कारखान्यात पोरगं चिकटवायचं असायचं, कुणाला शाळेचा दाखला हवा असायचा. यायची ती ओसरीपर्यंत. 'आत या की.' 'न्हाई सायेब, पायाला माती हाय.' 'चहा टाकते.' 'आज उपास हाय, बाई.' 'पाणी तरी घ्या.' 'आत्ताच पिऊन आलो.'

आमच्या दारात उभा राहिलेला माणूस नेहमी आत्ताच पाणी पिऊन आलेला असायचा. त्या कोरड्या मुलखात, जिथं टँकर दिसला की बाया हंडे घेऊन पळायच्या, तिथं ही सगळी मंडळी एवढं पाणी पिऊन कुठून यायची, हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत घातले आणि सीना नदीत सोडून आले. तेव्हापासून आमचं घर बौद्ध. पुढं शिक्षण झालं, नोकऱ्या लागल्या, पत्र्याचं घर जाऊन स्लॅबचं आलं. गावाची तहान तेवढी जुनीच राहिली. टँकरच्या पाण्याला मात्र ही अडचण नव्हती. एकाच पाइपाखाली सगळ्यांचे हंडे लागायचे. ते पाणी सरकारी, ते विटाळत नाही.

मला बाकीच्यांचं काही नव्हतं. मला आक्काचं होतं.

आक्का म्हणजे रस्त्याच्या पलीकडची शेतकरीण. माझ्या आईच्या वयाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की हायवेवरचा ट्रकवाला हळू व्हावा. सून शेतात, मुलगा शेतात, ही दिवसभर मोकळी. म्हैस व्याली की आमच्याकडं खरवस यायचा. शेंगा निघाल्या की शेंगा यायच्या. मला टायफॉइड झाला तेव्हा ही बाई उंबऱ्यात बसून राहिली आणि यांना कामावर पाठवलं. तिच्या घरचं सगळं माझ्या घरात यायचं, आणि माझ्या घरचं घोटभर पाणी तिच्या तोंडात जायचं नाही. आत्ताच पिऊन आले, बाई. वाईट बाई असती तर मी विचारसुद्धा केला नसता. चांगली होती म्हणून राग यायचा. मी मनाशी धरून ठेवलं होतं की या बाईला एक दिवस माझ्या हातचा पेला रिकामा करायला लावीन. यांनी समुद्राचा ध्यास घेतला, मी पेल्याचा घेतला. दोघंही सारखेच खुळे.

समुद्राचं खूळ मुंबईहून आलं. यांचा चुलतभाऊ तिकडं गोदीत कामाला होता. त्यानं यांना मत्स्यालय दाखवलं. परत आले ते चपला काढायच्या आधीच म्हणाले, "आपण घरात समुद्र ठेवायचा."

"कुठं? मोरीत?"

"हॉलमध्ये. मासे नुसते नव्हेत, प्रवाळ. जिवंत दगड असतात गं. श्वास घेतात."

"आधी नळाला पाणी आणा. तो श्वास नुसताच घेतोय."

पण हे ऐकण्याच्या पलीकडं गेले होते. नगरहून काचा कापून आणल्या, सिलिकॉननं जोडल्या, आठवडाभर घरात व्हिनेगरसारखा वास. टाकीखालचं लोखंडी स्टँड गावातल्या वेल्डरनं केलं. तो जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करत आलेला. त्यानं सवयीनं स्टँडला पुढं हुक पण जोडून दिला. हे म्हणाले, राहू दे. त्या हुकाला पुढं माझी पिशवी टांगलेली असायची.

मग पाणी. चुलतभावानं मच्छीमारांच्या होडीतून, किनाऱ्यापासून लांबचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलं आणि मुंबईला कांदा टाकून रिकामा येणारा एक ट्रक ते घेऊन आला. आता ट्रकनं यायला वेळ कोणती निवडावी? बाया टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लावून बसलेल्या, तेव्हाच. कॅनमधलं पाणी डचमळताना ऐकू आलं आणि सगळी रांग उठून आमच्या फाटकाशी आली. सायबानं मुंबईवरून पाणी आणलंय. हे "अहो, ते खारं आहे, खारं आहे" म्हणत हात पसरून ट्रकपुढं उभे. कोण ऐकतंय. एकीनं कॅन उघडून ओंजळभर तोंडात घेतलं आणि रस्त्यावर थुंकली.

"सायबाचं पानी बी नासकंच," ती म्हणाली, आणि रांग परत जागेवर गेली.

यांना ते लागलं नाही. ते टाकीत पाणी ओतण्यात गुंग. समुद्र किती खारट हे मोजायचं यंत्र कुठून आणणार? यांनी कारखान्याच्या लॅबमधली त्यांची जुनी ब्रिक्सची कांडी आणली. ही काचेची कांडी रसात तरंगते आणि कुठवर बुडाली त्यावरून साखर कळते. ती समुद्रात सोडली. तरंगली. हे चष्मा सरकवून बराच वेळ बघत बसले आणि मग फार समाधानानं म्हणाले, "सहा ब्रिक्स. समुद्र म्हणजे सहा ब्रिक्सचा रस. फक्त खारट." देवानं समुद्र केला तेव्हा त्यालासुद्धा एवढा आनंद झाला नसेल. म्हणजे देव असता तर.

दगड मागून आले. ओल्या गोणपाटात, थर्माकोलच्या पेटीत. वास असा सुटला की आक्कानं रस्त्यापलीकडून हाक मारली, "बाई, काय मेलं काय घरात?" मी म्हटलं, मेलं नाही, जिवंत आहे म्हणतात. जांभळे, गुलाबी, खडबडीत दगड. आठवडाभर नुसतेच बसून होते. हे रोज कारखान्यातून येऊन त्यांच्यापुढं उकिडवे बसायचे. मला वाटलं फसवलं यांना कुणीतरी, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं.

आणि मग एके सकाळी यांनी ट्यूब लावली आणि दगड उमलला. दुसरा शब्द नाही. पिवळट बोटं बाहेर आली, बोटांच्या टोकांना बारीक फुलं, आणि ती फुलं मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. एका भेगेतून एक पारदर्शक कोळंबी निघाली आणि मिशा हलवत उभी राहिली, मागून बारक्या गोगलगायी सरकल्या. मी पोळपाट तसंच टाकून बघत बसले. शाळेला उशीर झाला. हेडमास्तरांना काय सांगू, दगड उठला म्हणून उशीर झाला?

आक्का त्याच दिवशी आली. वास कसला हे बघायला म्हणून आली आणि ओसरी ओलांडून, पायाची माती तशीच घेऊन, सरळ हॉलमध्ये आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टाकीपुढं जमिनीवर मांडी घालून बसली. ही बाई गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"जितं हाय व्हय हे?"

"जिवंत दगड आहे, आक्का," हे म्हणाले.

हाच तो शब्द. यांनी तो कौतुकानं उच्चारला आणि गावात सोडून दिला. दोन दिवसांत मिरजगावच्या बाजारापर्यंत पोचलं की सायबाच्या घरात जागृत दगड हाय, सकाळी उठतो, रात्री झोपतो. माणसं यायला लागली. आता कुणाच्या पायाला माती नव्हती. हॉल भरायचा. सोफ्यावर माणसं, जमिनीवर माणसं, दारात चपलांचा ढीग. यांनी ज्यासाठी हॉल मोठा काढला होता ते सगळं झालं, फक्त माणसं यांच्याकडं न बघता दगडाकडं बघायची.

"त्यो उठतो किती वाजता?" एक म्हातारा हात जोडून विचारायचा.

"ट्यूब लावली की."

"आन् निवद काय?"

"अहो, हा देव नाही. प्राणी आहे हा."

"मंग गाय बी प्रानीच हाय की, सायेब."

हळूहळू काचेवर कुंकवाची बोटं उठायला लागली. भिंतीवर वर आमचे दोन फोटो, निळी झालर लावलेले, आणि खाली काचेवर हळदीकुंकू. हे रोज संध्याकाळी चिडून फडक्यानं पुसायचे. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, "तुमच्या वडिलांनी देव पाण्यात सोडले, तुम्ही पाण्यातून वर काढलेत." पुसताना यांचा जोर वाढायचा.

या सगळ्यात माझा पेला कुठं होता? होता. आलेल्या प्रत्येकाला मी पाणी विचारायचे. मुद्दाम विचारायचे, स्टीलचा तांब्या हातात घेऊनच. समुद्राला हात जोडणारी ही माणसं, तो समुद्र ज्या घरात आहे त्या घरात, घाम पुसत, आत्ताच पिऊन आलेली असायची. कॉलेजातली दोन-चार मुलं प्यायची, एक एसटीचा कंडक्टर प्यायचा, तो तर दोन पेले प्यायचा. आक्का नाही. पण आक्का रोज यायची. माझी शाळा सुटली की फाटक वाजायचं. टाकीपुढं बसून ती दगडाशी बोलायची, सुनेचं गाऱ्हाणं सांगायची. थोड्या दिवसांनी माझ्याशी पण बोलायला लागली, म्हणजे दगडाकडं बघत माझ्याशी. मी पाणी पुढं केलं की आता ती नाही म्हणायची नाही. "ठिवा हितं. पिते मंग," म्हणायची. पेला तसाच राहायचा. ती गेली की मी तो पिऊन टाकायचे. पण 'आत्ताच पिऊन आले' वरून 'पिते मंग' वर आली होती, ही माझ्या हिशेबानं मोठी प्रगती होती. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "दगडाला वेळ लागतो." कुठल्या दगडाबद्दल म्हणाले कोण जाणे.

उन्हाळा आला आणि आमची खरी वाट लागली. समुद्राला, आणि यांनी मागून आणून सोडलेल्या एका नारिंगी माशाला, ऊन चालत नाही. हायवेवरच्या रसवंतीतून मी बर्फ आणायचे, पिशवीत बांधून टाकीत सोडायचे. लाइट गेली की हवेचा पंप बंद. मग यांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. ती संपली की मी पळीनं पाणी ढवळायचं. त्या उन्हाळ्यात मी नवऱ्याला वारा घातला नाही, टाकीला घातला.

आणि पाणी उडायचं. हे मला शाळेतल्या पोरासारखं समजावून सांगायचे की मीठ उडत नाही, पाणी उडतं, म्हणून कमी झालं की खारं नव्हे, गोडं पाणी घालायचं. काचेवर चिकटपट्टीची खूण होती, तिथपर्यंत. हे गोडं पाणी कुठलं? तर पावसाळ्यात स्लॅबवरून धरलेलं, फडक्यातून गाळलेलं, मोठ्या पिंपात झाकून ठेवलेलं. उन्हाळ्यात सगळ्या वाडी-वस्तीवर त्याच्याइतकं चांगलं पाणी नव्हतं. आम्ही टँकरचं मचूळ पाणी प्यायचो. पावसाचं दगडाला. पाहुण्यांच्या तांब्यात तेवढं मी पिंपातलं भरायचे, हे यांना माहीत नव्हतं. आक्काला पाजायचं तर चांगलंच पाजावं, असं मला वाटायचं.

आणखी एक जाच होता, तो तांब्याचा. तांबं हा धातू या जिवांना विष, असं हे कुठंतरी वाचून आले. चिमूटभर उतरलं पाण्यात तरी कोळंबी मरते, प्रवाळ मरतं. झालं. माझ्या माहेरचा बंब माळ्यावर गेला. घंगाळ माळ्यावर. आईनं दिलेला हंडा माळ्यावर. मी चुलीवर पातेल्यात अंघोळीचं पाणी तापवायला लागले. घरात तांब्याची एक वस्तू राहिली नाही. आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचे, टाकीजवळ तांब्याचं काही नको. येणारा-जाणारा मान डोलवायचा.

मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, पुणतांब्याला. हे म्हणाले, तू जा, मी राहतो. मी म्हटलं, लग्नात मी काय सांगू, माझा नवरा दगडाला वारा घालतोय? त्यावर भांडण झालं, मी जिंकले, आणि ते जिंकणं मला महागात पडलं. किल्ली आक्काकडं द्यायचं ठरलं. दुसरं कुणी एवढ्या मायेनं बघितलं नसतं, हे मात्र आजही म्हणेन.

निघायच्या दिवशी आक्का हॉलमध्ये उभी, पदर खोचून, परीक्षेला बसल्यासारखी. यांनी सगळं दाखवलं. बर्फ असा सोडायचा. खायला एवढंच. लाइट गेली की ही वायर इथं. हे पिंप, यातलं पाणी, या खुणेपर्यंत.

"आणि आक्का, एक मात्र लक्षात ठेवा. काही झालं तरी तांब्यानं पाणी घालू नका."

"न्हाई घालत, सायेब. तांब्यानं न्हाई घालायचं."

"हां. तांब्यानं नाही."

मी तिथंच उभी होते. मला सुद्धा काही खटकलं नाही.

लग्नात हे जेवले नाहीत धड. वरातीत सगळे नाचत होते आणि हे पुणतांब्याच्या नदीकाठी एकटेच बसून होते, देव पाण्यात घालून बसल्यासारखे. मी तसं म्हटलं तर हसले नाहीत. परत येताना एसटीच्या खिडकीतून घर दिसायला लागलं तेव्हा उठूनच उभे राहिले.

कुलूप काढलं आणि वास आला. पहिल्या दिवशी दगडांचा आला होता त्यातला हा नव्हता. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी दुधट. उमललेली बोटं लोंबून विरघळत होती, हात लावला असता तर शेंबडासारखी आली असती. कोळंबी उताणी. गोगलगायी काचेवरून खाली पडलेल्या. एक नारिंगी मासा तेवढा वर, तोंड उघडं-मिट करत. वाळूवर तांब्याचे दोन जुने पैसे पडले होते, नदीत सोडतात तसे सोडलेले. आणि टाकीशेजारी टीपॉयवर, चिंचेनं घासून लखलखीत केलेली, आक्काची तांब्याची कळशी.

आक्का मागून आलीच होती. ती रडत होती. खरं रडत होती, पदर तोंडात धरून.

"कालपासनं उठलंच न्हाई, सायेब. मी लई हाका मारल्या."

"आक्का," हे म्हणाले, आवाज अगदी हळू, "मी सांगितलं होतं ना. तांब्यानं घालू नका."

"मंग? तांब्यानं कुटं घातलं? तांब्याला हातच न्हाई लावला मी. त्यो बगा, मांडनीवर तसाच हाय. कळशीनं घातलं की."

मांडणीवर आमचा स्टीलचा तांब्या चकचकत होता. हे त्याच्याकडं बघत राहिले. मग कळशीकडं. मग परत तांब्याकडं. आणि मग यांना हसू आलं. जमिनीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तांबं या धातूनं घालू नका, तरी 'तांब्यानं'. तांब्या या भांड्यानं घालू नका, तरी 'तांब्यानं'. हा सगळा प्रताप मराठीचा. "चूक माझी, आक्का," हे म्हणाले. "मी धातू म्हणायला पाहिजे होतं. तुमची काही चूक नाही." आक्काला काही समजलं नाही, पण चूक नाही एवढं समजलं आणि तिचं रडणं थांबलं.

पुढं कितीतरी वर्षं हे ही गोष्ट कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगायचे. माणसं पोट धरून हसायची. मराठी भाषेनं समुद्र मारला म्हणायचे. छान सांगायचे, मी स्वतः ऐकलं आहे, आणि दर वेळी त्यांच्याकडं बघून मला वाटलं, सांगू द्या, त्यांना ही गोष्ट अशीच हवी आहे.

कारण मी त्या दिवशी पिंपाकडं गेले होते. आमचं निम्मं सामान अजून दारात होतं. पिंपाच्या तोंडाला मी फडकं बांधून गेले होते, सुतळीची गाठ मारून. गाठ तशीच. फडक्यावर हायवेची धूळ बसलेली, तीवर बोटाचा ठसा नाही. आत पाणी, गेलो तेव्हा होतं तिथंच.

मी बाहेर येऊन विचारलं. आवाज चढवला नाही. शाळेत पोरांना विचारते तसं विचारलं. "आक्का, तुम्ही कळशी वापरली ते ठीक. पण पिंपातलं पाणी का नाही घातलं?"

आक्का गोंधळली. एवढं साधं मला कसं कळत नाही, असं तिच्या तोंडावर होतं. "देवाचं हाय न्हवं ते, बाई," ती म्हणाली. "आमच्या घरचं घातलं. रातभर कळशीत निवळत ठिवायचे, आंगूळ करून सकाळी आनायचे. सोवळ्यातलं." आणि मग मला बरं वाटावं म्हणून, "तुमचं पानी वाईट हाय आसं न्हाई वो. पर देवाला कसं घालायचं?"

हे अजून जमिनीवर होते. त्यांनी ऐकलं. ऐकलंच, कारण त्यांचं हसू तिथं थांबलं. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. वाळूतले ते दोन पैसे काढायला लागले.

मासा बादलीत ठेवला, तो दुसऱ्या दिवशी गेला. दगड यांनी अंगणात उन्हात टाकले. पांढरेफटक पडले, साधे दगड झाले. त्यांना कुणी कुंकू लावलं नाही. हॉल परत रिकामा झाला. माणसं परत ओसरीवरूनच बोलायला लागली. यांनी नोकरीत मन घातलं. रिकामी टाकी बघवत नाही, भंगारात देऊ म्हणाले.

मी दिली नाही. मी ती सोड्यानं घासली, गरम पाण्यानं धुतली, परत धुतली. आणि पिंपातलं पाणी, पावसाचं, गाळलेलं, एक एक कळशी करून, माझ्या स्टीलच्या कळशीनं, तिच्यात भरलं. वर काच झाकली. हे बघत होते. "हे काय?"

"पिण्याचं पाणी आहे. आता आपण हे प्यायचं."

"हॉलमध्ये?"

"हॉलमध्ये. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

दारातून आत आलं की समोर तेच दिसायचं. काचेतून पलीकडची भिंत दिसावी इतकं स्वच्छ, वरच्या दोन फोटोंची निळी झालर त्यात उतरलेली. शेजारी हुकाला सुतळीनं तांब्या टांगलेला, ट्रॉलीच्या त्याच हुकाला. त्या मे महिन्यात टँकर दोन-दोन दिवस यायचा नाही आणि माझ्या घरात काचेमागं पाणी उभं असायचं. हे माझ्याकडं जरा घाबरूनच बघायचे.

आक्का आली. थोडे दिवस लाजेनं आली नव्हती. आली ती भर दुपारची, अनवाणी, ओठ सुकलेले. सवयीनं टाकीपुढं मांडी घालून बसली. आत दगड नाही, मासा नाही, नुसतं पाणी. तिनं पदरानं गळा पुसला आणि बघत राहिली.

"लई निर्मळ पानी हाय, बाई," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर काच सरकवली, तांब्या बुडवला, पेला भरला आणि पुढं केला.

तिनं पेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिचा हात मांडीवरून उचलला गेला, हे मी बघितलं आहे. मग तो परत मांडीवर गेला.

"आत्ताच पिऊन आले, बाई."